श्वास अडला की तिथेच थांबा
वाचकांचे प्रश्न : आसनांची सुरुवात

आसनांविषयीचे प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात लिहिलं होतं. पत्रं आली, व्हॉट्सॲपवर निरोप आले. बहुतेकांचं म्हणणं एकच: सुरुवात करायची आहे, पण कुठून? निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देते आहे. मी साताऱ्यात शिकवते. माझ्या वर्गात पन्नाशी-साठीतल्या बायका जास्त, त्याखालोखाल निवृत्त मंडळी, आणि परीक्षा संपली की थोडी मुलं. रोज डोळ्यांसमोर दिसणाऱ्या त्या शरीरांवरूनच मी लिहिते आहे. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलं, म्हणून सगळ्यांचीच नावं वगळली आहेत.

प्रश्न : ताई, मी ५४ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे दुखतात. झीज सुरू झाली आहे, व्यायाम करा असं डॉक्टर म्हणाले. म्हणून योगवर्गाला गेले, तर पहिल्याच दिवशी सगळ्यांना वज्रासनात बसवलं. मला बसताच येईना. इतकं रडू आलं की परत गेले नाही. जमिनीवर न बसता मला काही करता येईल का? (गृहिणी, चिपळूण)

येईल, पुष्कळ करता येईल. आणि वज्रासन जमलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, ते आसन सध्या तुमच्यासाठी नाहीच. त्यात गुडघा पुरता दुमडतो आणि त्यावर अंगाचं वजन येतं. झिजलेल्या सांध्याला ते सोसत नाही. जेवल्यावरही करता येणारं आसन म्हणून वज्रासनाचं फार कौतुक होतं. ते खरं आहे, पण ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांच्यापुरतं. त्यांनाही एक सांगून ठेवते. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, हाडाचा एक गोल उंचवटा हाताला लागतो. त्याला वळसा घालून एक नस पावलाकडे जाते आणि तिथे ती कातडीच्या अगदी जवळ असते. फार वेळ वज्रासनात बसून ती दाबली गेली की पाऊल बधिर होतं. मुंग्या आल्या की उठायचं, नेटाने बसून राहायचं नाही.

तुमचा वर्ग आपण स्वयंपाकघरात ओट्यापाशी भरवू. अनवाणी उभ्या राहा, ओट्याकडे तोंड, बोटांची टोकं नुसती ओट्यावर टेकलेली. पावलं समांतर, मध्ये वीतभर अंतर. आता वजन कुठे पडतंय ते बघा. बहुतेकींचं टाचेवर पडतं, नाहीतर पावलाच्या आतल्या कडेवर. रोजच्या चपला उलट्या करून बघितल्या तर कुठल्या बाजूने झिजल्या आहेत ते दिसेलच. अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच, तिन्हीकडे वजन सारखं वाटून घ्या. मग मांडीचा पुढचा स्नायू आवळा. गाऊन किंवा परकर जरा वर धरून बघा: गुडघ्याची वाटी वर सरकते. स्नायू सैल सोडला की वाटी खाली येते. गुडघा मागे ढकलायचा नाही, वाटी तेवढी वर घ्यायची. पाठ आपोआप सरळ होते, हनुवटी जमिनीला समांतर ठेवा. हे झालं ताडासन.

नुसतं उभं राहण्यात कसला आलाय व्यायाम, असं वाटेल. पण मांडीचा हा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावर येणारा भार तो वाटून घेतो. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली मऊ गादी, परत येत नाही, तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दुखणं कमी होतं, जिना उतरताना कठडा घट्ट धरावा लागत नाही, हे मात्र मी वर्गात कित्येकींच्या बाबतीत बघितलंय.

ताडासन अंगवळणी पडलं की ओट्यावर दोन्ही तळवे ठेवून एकेक पाऊल मागे जा. पाठ ओट्याच्या उंचीला आली की थांबा, म्हणजे कमरेत काटकोन होईल. गुडघे थोडे वाकले तरी चालतील. बगला उघडतात, पाठ लांब होते, मांडीच्या मागे ताण जाणवतो. दिवसभर पोळ्या लाटून, भांडी घासून आखडलेल्या खांद्यांना यासारखं दुसरं काही नाही. मग खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि हाताचा आधार न घेता त्यावर सावकाश बसा, सावकाश उठा. बसताना गुडघे एकमेकांकडे झुकतात का याकडे लक्ष ठेवा. ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने राहिले पाहिजेत. उत्कटासनाची ही सोपी पायरी. उंच खुर्ची घ्या, जड गेलं तर वर उशी ठेवा.

तोल राखायला वृक्षासन करा, तेही भिंतीशेजारी. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या घोट्याला टेकवा, बोटं जमिनीवरच असू द्या. पुढे जमलं तर पाऊल पोटरीवर, किंवा थेट मांडीच्या आतल्या बाजूला. गुडघ्याच्या सांध्यावर पाऊल टेकवायचं नाही, अगदी तरुणांनीसुद्धा.

आसनात थांबायचं किती वेळ, हेही तुम्ही विचारलं आहे. घड्याळ बघू नका, पाच-सहा श्वास मोजा. ज्या क्षणी श्वास अडतो, ओठ आवळले जातात, भुवया जवळ येतात, त्या क्षणी तुम्ही गरजेपेक्षा पुढे गेलेल्या असता. तिथून बोटभर मागे या आणि श्वास मोकळा होऊ द्या. नव्या बाईंना मी हे पहिल्या दिवशी सांगते, आणि जुन्यांनाही सांगतच असते. दुसऱ्या दिवशी गुडघा जास्त दुखला किंवा सुजला, तर आदल्या दिवशी जे केलं त्याच्या निम्मंच करा.

प्रश्न : आम्ही शेतात दिवसभर वाकून काम करतो. आल्याची लावण, भांगलण, परत घरचं आहेच. नणंद म्हणते, काम करतोय तोच व्यायाम, योगा शहरातल्यांना. पण रात्री कंबर अशी धरते की कुशीवर वळता येत नाही. आम्ही काय करावं? (कोरेगाव तालुका)

नणंदेचं निम्मं बरोबर आहे. तुमच्या दमाला आणि हाता-पायांच्या ताकदीला आणखी व्यायामाची गरज नाही. पण भांगलताना शरीर एकाच दिशेला वाकतं. सकाळी वाकलेली पाठ दुपारी भाकरी खातानाही वाकलेलीच असते. पाठीमागचे स्नायू ताणून धरलेले, पोटाकडचे आखडलेले, मान पुढे. उलट्या दिशेला वाकायची संधी दिवसभरात मिळतच नाही, आणि तुमच्या कमरेला नेमकी तीच हवी आहे.

पहिली गोष्ट शेतातच करायची. एक सरी संपली की बांधावर उभ्या राहा, दोन्ही तळवे कमरेवर मागून, बोटं खाली. छाती वर उचला आणि खांदे मागे न्या. मान मागे टाकू नका, नजर समोरच्या झाडाच्या शेंड्यावर ठेवा. दोन-तीन श्वास घ्या आणि परत कामाला लागा. सगळ्या बायकांनी मिळून केलं तर कुणी हसणारही नाही.

दुसरी गोष्ट रात्री, जेवणाआधी, सतरंजीवर. आधी पालथ्या झोपा, पाय जरा फाकलेले, हातांची घडी करून कपाळ त्यावर. मकरासनाचा हा एक प्रकार. यात काहीच करायचं नाही. श्वास घेताना पोट जमिनीला दाबतं आणि कंबर किंचित वर येते, ते जाणवेपर्यंत पडून राहा. दिवसभर राबलेल्या बाईने सुरुवात इथूनच करावी, थेट भुजंगासनात जाऊ नये.

मग भुजंगासन. हे आसन फार चुकीचं केलं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तळवे छातीच्या बाजूला, कोपरं अंगाला चिकटलेली. पाय जुळलेले किंवा थोडे सुटे, पावलांच्या वरच्या बाजू जमिनीवर. आधी पायांची बोटं मागे लांबवा, मांड्या आणि ओटीपोट जमिनीला दाबा. आता हातांवर जोर न देता छाती जमिनीपासून उचला. नुसत्या पाठीच्या जोरावर छाती फारशी वर येत नाही, आणि तितकीच पुरेशी आहे. तळवे क्षणभर जमिनीवरून उचलून बघा. छाती धप्पकन खाली आली तर समजा की उचलण्याचं काम पाठ करत नव्हती, हात करत होते. खांदे कानांपासून लांब ठेवा, बेंबी जमिनीजवळ. हात ताठ करून अंग कमानीसारखं वर नेलं की सगळा मोड कमरेच्या एकाच जागी येतो, आणि दुखणारी जागा नेमकी तीच असते. तीन श्वास, खाली या, मकरासनात विसावा, परत एकदा.

हे आठवडाभर सोसलं तर एका पायाचं शलभासन जोडा. पालथ्या झोपून, हनुवटी जमिनीवर ठेवून एक पाय गुडघ्यात न वाकवता वीतभर उचला. कुल्ल्याचा स्नायू घट्ट होतो. वाकून काम करताना कमरेला आधार देणारा हा मोठा स्नायू आपल्याकडे फार दुबळा राहतो. शेवटी उताणं होऊन एकेक गुडघा पोटाशी घ्या, म्हणजे पवनमुक्तासन. पाठ सैल पडते आणि पोटातला वायूही मोकळा होतो.

कंबरदुखीला योगासनांचा उपयोग होतो हे आम्ही योगशिक्षकच म्हणतो असं नाही. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने (अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स) २०१७ साली जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात गोळ्यांआधी करून बघायच्या उपायांत योगाचंही नाव आहे. पण दुखणं पायात खाली उतरत असेल, पावलाला बधिरपणा असेल, पाऊल उचलता येत नसेल, लघवीवर ताबा राहत नसेल, तर आसन करू नका. आधी डॉक्टरांकडे जा, आणि लघवीचं असेल तर त्याच दिवशी.

प्रश्न : शाळेच्या फलकावर लावण्यासाठी ‘कोणत्या आजारावर कोणते आसन’ असा तक्ता हवा आहे. मधुमेह, थायरॉइड, दमा, बद्धकोष्ठता इत्यादी. (शिक्षक, परभणी)

सर, असा तक्ता मी देणार नाही. राग मानू नका. फलकावर ‘सर्वांगासन : थायरॉइड’ असं एकदा लिहिलं की कुणाची तरी आई घरी मानेवर उभी राहते आणि गोळी बंद करते. गळ्यावर दाब आला म्हणून ग्रंथी दुरुस्त होत नाही. मधुमेहाचं तसंच. नियमित व्यायाम, झोप आणि ताण कमी होणं या सगळ्यांनी साखर आटोक्यात यायला मदत होते, त्यात आसनांचाही वाटा असतो. पण अमुक आसन केलं की स्वादुपिंड जागं होतं, असं सांगणं बरोबर नाही.

याबाबतीत आपल्याकडे चांगली परंपरा आहे आणि ती विसरली जाते याचं मला वाईट वाटतं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था सुरू केली, ती योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत तपासायच्या म्हणूनच. उड्डियान, म्हणजे श्वास सोडून पोट आत खेचण्याची क्रिया, करताना पोटातला दाब किती बदलतो हे त्यांनी यंत्र लावून मोजलं, क्ष-किरणांनी छायाचित्रं घेतली. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रात एक संन्यस्त माणूस मोजून बोलत होता. आपण आज न मोजता फलक रंगवू नये.

त्याऐवजी तुमच्या मुलांना शरीरात काय होतं ते लिहून द्या. ताडासनात पायांवर वजन सारखं येतं आणि उभं राहण्याची सवय सुधारते. वृक्षासनाने तोल आणि लक्ष स्थिर होतं. त्रिकोणासनात, म्हणजे पाय फाकवून एका कुशीला वाकताना, बरगड्यांमधले स्नायू ताणले जातात, मांड्या बळकट होतात. भुजंगासन पाठीचे स्नायू बळकट करतं. मार्जारासनात, म्हणजे हात-गुडघ्यांवर ओणवं राहून, श्वासाबरोबर पाठीचा कणा वर-खाली हलतो, बाकावर बसून आखडलेली पाठ सुटते. हे प्रत्येक मूल स्वतःच्या अंगावर पडताळून बघू शकतं. सातवीच्या मुलांना एका पायावर उभं करा आणि मग डोळे मिटायला सांगा. तोल लगेच जातो. का गेला याचा शोध त्यांनाच घेऊ द्या. डोळे, कानाचा आतला भाग आणि पावलं मिळून तोल सांभाळतात हे विज्ञानाच्या तासाला शिकवायला याहून चांगला प्रयोग नाही.

प्रश्न : मी २९ वर्षांचा, हिंजवडीत नोकरी करतो. रथसप्तमीला आमच्या सोसायटीत १०८ सूर्यनमस्कारांचा कार्यक्रम होता, म्हणून तयारी केली आणि पूर्णही केले. तेव्हापासून मनगट आणि कंबर दुखते. शिवाय अजूनही माझं कपाळ गुडघ्याला लागत नाही. अजून जोर लावू का?

जोर लावू नका. उलट कपाळ आणि गुडघा यांची गाठ घालून द्यायची ही कल्पनाच काही महिने बाजूला ठेवा.

सूर्यनमस्काराबद्दल मला आपुलकी आहे. ज्यांनी तो घराघरात नेला ते औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आमच्याच जिल्ह्यातले. ते स्वतः रोज नमस्कार घालत, घरच्यांना घालायला लावत, आणि संस्थानातल्या शाळांतून त्यांनी ते सुरू केले. त्यांच्या डोळ्यांसमोर रोजचा, आयुष्यभराचा नेम होता. तुम्ही दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत बसता आणि एका दिवशी १०८ वेळा हातांवर वजन टाकता. मनगट तक्रार करणारच.

कपाळ का लागत नाही ते आधी समजून घ्या. आपण ज्या दोन हाडांवर बसतो, तिथून मांडीमागचे स्नायू निघतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन पोचतात. दिवसभर गुडघा दुमडून बसलं की ते ताठर होतात. पुढे वाकताना हे स्नायू खालून खेचतात, त्यामुळे कमरेचं हाडांचं कडं पुढे कलत नाही. कडं कललं नाही की वाकायला उरते ती फक्त कंबर. तुम्ही जोर लावता तो मांडीमागे पोचतच नाही, तो कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्यांवर जातो. पश्चिमोत्तानासनातही हेच होतं: गुडघे ताठ, पाठ कुबड आल्यासारखी, हात अंगठ्याला कसेबसे पोचलेले. फोटो छान येतो, आसन झालेलं नसतं.

उपाय साधा आहे. उताणे झोपा, एका पावलात दुपट्टा किंवा जुनी ओढणी अडकवून तो पाय वर उचला. दुसरा पाय जमिनीवर सरळ. पाठ जमिनीला टेकलेली असल्यामुळे कंबर वाकूच शकत नाही, ताण जिथे जायला हवा तिथेच जातो. पाय ६० अंशांतच अडला तर तिथेच थांबा, श्वास घेत राहा. पश्चिमोत्तानासन करायचंच असेल तर चौपदरी घडी केलेल्या ब्लँकेटच्या कडेवर बसा, गुडघे वाकवा आणि पोट मांड्यांकडे न्या. कपाळाचा विचार सोडा. तुम्ही पुण्यात आहात म्हणून मुद्दाम सांगते: पट्टा, वीट, खुर्ची, भिंतीतला दोर असा आधार घेऊन आसन शिकवायची पद्धत बी. के. एस. अय्यंगार यांनी तुमच्याच शहरात विकसित केली. १९३७ मध्ये ते पुण्यात आले आणि १९७५ साली त्यांची संस्था शिवाजीनगर भागात उभी राहिली. आधार घेणं कमीपणाचं आहे असं वाटत असेल तर तिथला एखादा वर्ग बघून या.

मनगटासाठी: पर्वतासनात, म्हणजे नमस्कारात तळवे-पावलं जमिनीवर आणि कंबर वर असते तेव्हा, हाताची बोटं फाकवा आणि तर्जनीच्या मुळाशी तळवा दाबा. सगळं वजन तळव्याच्या टाचेवर असतं म्हणून मनगट दुखतं. दुखणं थांबेपर्यंत हात जमिनीवर नको, भिंतीवर ठेवून करा. नंतर सहा नमस्कार, सावकाश, प्रत्येक स्थितीत एक पूर्ण श्वास. सहाव्याला श्वास पहिल्यासारखाच असेल तर पुढच्या आठवड्यात आठ. पुढच्या रथसप्तमीला किती घालायचे हे तुमच्या श्वासावर ठरवा, सोसायटीच्या फलकावर नाही.

प्रश्न : वय ६८, निवृत्त. रक्तदाबाची गोळी चालू आहे. टीव्हीवर बघून जोरात कपालभाती करतो. आता शीर्षासन शिकायची इच्छा आहे. काही महिन्यांत गोळी बंद होईल का? (नागपूर)

काका, तुमचा उत्साह मला आवडला, पण तीनही गोष्टींना माझं उत्तर ‘नाही’ आहे.

रक्तदाब असताना श्वासाला जोरात धक्के देणं आणि श्वास रोखून धरणं टाळायचं. शीर्षासनात डोक्याकडे दाब वाढतो, डोळ्यांतलाही. या वयात काचबिंदू असूनही कळलेला नसतो. शिवाय मानेचे मणके झिजलेले असतात. तरुणपणापासून करत आला असतात तर गोष्ट वेगळी होती. अडुसष्टाव्या वर्षी त्याची सुरुवात करू नका. डोळे मात्र एकदा तपासून घ्याच.

गोळीचा निर्णय डॉक्टरांचा. घरी रक्तदाब मोजून वहीत लिहीत जा आणि ती वही त्यांना दाखवा. आकडे उतरत गेले तर तेच मात्रा कमी करतील.

तुम्ही करायचं ते असं. खुर्चीत पाठ सरळ ठेवून सावकाश श्वास, सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ. भ्रामरी, पण कान दाबून नाही, नुसता गुणगुणल्यासारखा आवाज. ताडासन, भिंतीपाशी त्रिकोणासन, आणि शवासन. शवासनातून उठण्याची रीत नीट लक्षात घ्या, कारण रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे नेमके तिथे भोवंडून पडतात. आधी हाता-पायांची बोटं हलवायची. गुडघे दुमडून उजव्या कुशीवर वळायचं आणि तिथे चार श्वास थांबायचं. डाव्या तळव्याने जमिनीवर रेटा देऊन बसायचं, डोकं सगळ्यात शेवटी वर. बसून परत थांबायचं. मग खुर्चीला धरून उभं राहायचं.

आणि टीव्ही बघून करण्यापेक्षा माणसासमोर करा. तुमच्या नागपुरात रामनगरला जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ आहे. तिथे एकदा जाऊन या.

प्रश्न : मी दहावीत आहे. ताडासनाने उंची वाढते का? आणि पाळीच्या दिवसांत आसनं केली तर चालतात का? आई नको म्हणते. (लातूर)

हाडांची वाढ अजून चालू असेल तर तुझी उंची वाढणारच आहे, ताडासन कर किंवा करू नकोस. आसनाने हाडं लांब होत नाहीत. पण दप्तराने आणि मोबाइलने पुढे आलेली मान आणि गोल झालेली पाठ सरळ झाली, तर आहे ती उंची पूर्ण दिसते. तेवढ्यासाठी कर.

पाळीत आसनं करायला हरकत नाही. पहिले दोन दिवस सर्वांगासनासारखी उलटी आसनं आणि पोट आवळणारे प्रकार आम्ही वर्गात करून घेत नाही, कारण त्या दिवसांत शरीर थकलेलं असतं. पाठीखाली उभी उशी घेऊन, तळवे एकमेकांना जुळवून, गुडघे बाजूला सोडून पडून राहा. गुडघ्यांखाली आणखी दोन उशा ठेव. पोट दुखत असेल तर बरं वाटेल. आईला हे वाचून दाखव. दर महिन्याला शाळा बुडण्याइतकं दुखत असेल तर मात्र आईबरोबर डॉक्टरांकडे जा, सोसत बसू नकोस.

प्रश्न : आमच्या गावात योगवर्ग नाही. व्हिडिओ बघून शिकलं तर चालेल का? आणि वर्ग मिळालाच तर शिक्षक चांगला आहे हे कसं ओळखावं? (अनेकांचा प्रश्न)

व्हिडिओवरून ताडासन, मार्जारासन, पवनमुक्तासन, मकरासन, शवासन हे खुशाल शिका. ही आसनं चुकली तरी इजा होण्याचा संभव कमी. आधी पूर्ण व्हिडिओ बसून बघा, मग तो बंद करा आणि आसन करा. मान वळवून पडद्याकडे बघत भुजंगासन करणारे मी बघितलेत. त्याने मान आखडते. फोन भिंतीला टेकवून स्वतःचंच चित्रण करा आणि नंतर बघा. पाठ सरळ आहे असं वाटत असतं आणि ती सरळ नसते, हे त्यात लगेच दिसतं. सर्वांगासन, हलासन, शीर्षासन, चक्रासन मात्र शिक्षक समोर असल्याशिवाय नको. पोट रिकामं हवं, जेवून तीन-चार तास झालेले. गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि शिक्षकाशिवाय काहीच सुरू करू नका.

तालुक्याच्या गावी वर्ग असेल तर निदान महिनाभर जा, म्हणजे चुका दुरुस्त होतील. पुढे घरी करता येतं.

शिक्षकाबद्दल माझ्या अपेक्षा मोजक्याच आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी तुमचं वय, दुखणी, झालेली ऑपरेशनं, चालू असलेल्या गोळ्या विचारल्या पाहिजेत. वर्गात ते फिरताना दिसले पाहिजेत, पुढे बसून स्वतःच आसनं करत राहणारे नकोत. तुम्हाला एखादं आसन जमलं नाही तर त्याऐवजी दुसरं काय करायचं, हे त्यांना तिथल्या तिथे सांगता आलं पाहिजे. पाठीवर गुडघा ठेवून किंवा बसून कुणी तुम्हाला वाकवायला लागलं तर त्याच क्षणी ‘थांबा’ म्हणा आणि त्या वर्गाला परत जाऊ नका. गोळ्या बंद करा म्हणणाऱ्यांकडेही नको. पैसे भरण्याआधी एक दिवस मागे बसून वर्ग बघू द्या, असं विचारा. चांगले शिक्षक नाही म्हणत नाहीत. आणि फी महिन्याची भरा, वर्षाची एकदम नको.